शुगरच्या पायाची जखम अन् ऑक्सिजन चेंबर: आधी काय, मग काय

दोन वर्षांआधीची गोष्ट, मे महिना. आईला सकाळी हॉलच्या फरशीवर ओले ठिपके दिसले, पलंगापासून बाथरूमपर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर एकेक. ती म्हणे कूलर गळून राहिला. मी कूलर उघडला, पॅड काढले, पंप काढला, पाणी उपसलं, काही सापडलं नाही. दुपारी तिने पोछा मारला तेव्हा फडक्याला पिवळट लाल डाग लागला, मग बाबांचा पाय उलटा करून पाहिला. डाव्या अंगठ्याच्या खाली, तळव्यावर, जिथे आधीपासून घट्टा होता तिथे रुपयाच्या नाण्याएवढं भोक, अन् त्यांना पत्ताच नाही. पाच-सहा दिवसांआधी संकष्टीला नागपूरच्या टेकडी गणपतीला गेले होते, चपला खाली काढून तापलेल्या फरशीवर रांगेत उभे, तिथेच भाजलं असणार. १६ वर्षांची शुगर, तळव्याला काही कळतच नव्हतं.

तिथून जखम भरेपर्यंत साडेसात महिने गेले, त्यातल्या ३० सिटिंग ऑक्सिजन चेंबरच्या, म्हणजे बंद नळीत झोपवून दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात त्या. आता ओळखीतल्या कोणाच्या घरी पायाची जखम चिघळली की मला फोन येतो अन् पहिला प्रश्न हाच की चेंबर कुठे आहे अन् किती घेतात. राजेहो, हा प्रश्न पाचव्या नंबरचा आहे. आधीचे चार सुटले नसतील तर चेंबरमध्ये झोपून फक्त पैसे अन् वेळ जाते. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही, पेशंटला आणणारा-नेणारा पोरगा आहे, औषधाचा अन् ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिलं: आज चेंबर नाही, आज कॅज्युअल्टी

जखमेच्या आजूबाजूला लाली पसरून राहिली, पाय गरम अन् सुजलेला, पू, घाण वास, थंडी वाजून ताप, बोट काळं किंवा निळसर पडलं, दाबलं की कातडीखाली कुरकुर आवाज, किंवा शुगर अचानक ३००-४०० ला जाऊन बसली, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. मेडिकल अन् मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, एम्स, धंतोली-रामदासपेठेतलं तुमचं नेहमीचं हॉस्पिटल, जे जवळ असेल ते. पू आत दाबून बसलेला असेल तर तो चीर देऊन काढावाच लागतो, ऑक्सिजनने तो वाहून जात नाही. आणखी एक, जखम नाही पण एकच पाय लाल, गरम अन् सुजलेला असेल तरी दाखवा, शुगरवाल्यांची हाडं आतल्या आत मोडतात अन् दुखतही नाही, त्याला शार्को फूट म्हणतात.

घरगुती प्रयोग तेवढे नका करू बाप्पा. हळद, कडुलिंबाचा पाला, टूथपेस्ट, बॅटरीचं पाणी, सगळं ऐकलेलं आहे. गरम पाण्यात पाय बुडवणं तर अजिबात नाही, ज्या पायाला चटका कळत नाही तो पाणी किती गरम आहे हे कसा सांगेल?

दुसरं: रक्त पोचतं का ते मोजून घ्या

शुगरमध्ये पायाचं दोन प्रकारे वाटोळं होतं. एक, नसा मरतात, म्हणजे खडा टोचला, चप्पल चावली, चटका बसला तरी कळत नाही. दोन, रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणजे झालेली जखम भरायला माल-मसालाच पोचत नाही. कोणाला पहिलं जास्त, कोणाला दुसरं, बऱ्याच जणांना दोन्ही.

पहिल्याची तपासणी घरी होते. पेशंटला डोळे मिटायला सांगा अन् दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला अन् करंगळीला आपल्या बोटाने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, टकटक करायचं नाही. कळलं की 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना गेलेली समजा. याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. दवाखान्यात हेच काम १० ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने करतात. बाबांना डाव्या पायाची तिन्ही बोटं कळली नाहीत, अन् उजव्या पायाला मी हात लावायच्या आधीच त्यांनी 'हो' म्हटलं, म्हणजे ते अंदाजाने पास व्हायला पाहत होते.

दुसऱ्यासाठी डॉप्लर लागतो, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह तपासायचं मशीन. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी असा एक आकडा काढतात, एबीआय. ०.९ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पण शुगरवाल्यांच्या वाहिन्यांमध्ये चुना जमून त्या कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत अन् आकडा खोटा चांगला येतो, १.४ च्या वर वगैरे. तेव्हा अंगठ्याचं बीपी किंवा कातडीवर सेन्सर चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजतात. तो बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, ४० च्या खाली असला की जखमेला हवा कमी पडून राहिली असं समजतात. मोठी वाहिनी बंद असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासवाल्या डॉक्टरांकडे आधी जायचं. नळच बंद आहे तर पाण्याची क्वालिटी सुधारून काय फायदा?

इथे आमचा एक महिना वाया गेला ते सांगून टाकतो. एका ठिकाणी, नाव नाही सांगत, पहिल्याच भेटीत, पट्टी न सोडता, ३० सिटिंगचं पॅकेज सांगितलं, आज भरले तर सूट. डॉप्लर झाला का, कोणी विचारलं नाही. आम्ही ५ सिटिंग केल्या. मग एका सर्जनने पट्टी सोडली, बारीक लोखंडी सळई जखमेत घातली अन् ती हाडाला टेकल्याचा टक असा आवाज मला उभ्या उभ्या ऐकू आला. सळई हाडाला लागली की हाडाला इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच, मग एक्स-रे, एमआरआय. जखम वरून नाण्याएवढी अन् आतून हाडापर्यंत, म्हणजे वॅगनर ग्रेड ३. शून्य ते पाच असा हा स्केल आहे: कातडी शाबूत म्हणजे शून्य, वरवरची जखम एक, खोल स्नायू-दोऱ्यांपर्यंत दोन, हाड किंवा पू तीन, बोटापुरतं गँगरीन चार, पूर्ण पाय पाच. तुमचा ग्रेड विचारून फाईलवर लिहून ठेवा. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर चेंबरचे पैसे ग्रेड ३ किंवा वरच्याच जखमेला देतं, तेही ३० दिवस नीट इलाज करून जखम हलली नाही तरच. आपल्याकडे हा नियम लागू नाही, पण समोरचा माणूस विकतोय की इलाज करतोय हे ओळखायला कामी येतो.

तिसरं: सफाई अन् शुगर

मेलेलं कातडं, जखमेच्या कडेचा घट्टा, पिवळा चिकट थर, हे सगळं डॉक्टर ब्लेडने खरवडून काढतात, डिब्राईडमेंट म्हणतात. एकदा करून भागत नाही, आमचं दर आठवड्याला व्हायचं. रक्त आलं की घाबरू नका, सर्जन खूश होतात, रक्त येतं म्हणजे जिवंत भाग लागला. घरच्या ड्रेसिंगला सलाईनने धुणं अन् डॉक्टरांनी सांगितलेली पट्टी, बस. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघायला बरा वाटतो पण तो नवीन येणाऱ्या पेशीही मारतो.

शुगरचं सगळ्यांना माहीत आहे, जास्त लिहीत नाही. अन् खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. नागपुरात यावर वेगळा लेख लागेल. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे दोन तास चेंबरमध्ये झोपून ऑक्सिजन घ्यायचा अन् बाहेर आल्यावर खर्ऱ्याची पन्नी घोटत बसायचं, हिशोब बरोबरीत. बाबांची पन्नी मी गाडीच्या सीटखाली, देवघरात, एकदा तर ड्रेसिंगच्या डब्यात पकडली.

चौथं: वजन उतरवा

हे सगळ्यात मोठं अन् सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. तळव्याची जखम म्हणजे असं समजा की रोज त्याच जागी कोणी हातोडी मारून राहिलं. तुम्ही रात्रभर कातडी विणता अन् सकाळी बाथरूमला जाताना सगळं उसवता. म्हणून ऑफलोडिंग, म्हणजे जखमेवर वजन पडू न देणं. पायाच्या पुढच्या भागात, तळव्याला, बधिरपणामुळे झालेल्या जखमेसाठी सगळ्यात भारी उपाय म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट, त्यातल्या प्लास्टरला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. त्यातली खरी गंमत 'काढता न येणारं' यातच आहे. इन्फेक्शन अन् रक्तपुरवठा दोन्ही बिघडलेले असतील तर ते लावत नाहीत, तेव्हा काढता येणारा वॉकर, फेल्टच्या गाद्या, कुबड्या, व्हीलचेअर. बाबांना काढता येणारा मिळाला अन् ते काढायचेच. दिवसभर पाहुण्यांसमोर बूट घालून ऐटीत बसायचे अन् रात्री तीनला अनवाणी बाथरूमला, आठ पावलं जायची, आठ यायची. शेवटी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली, दोन दिवस अबोला धरला त्यांनी, पण त्याच्या पुढच्या आठवड्यात जखमेचा तळ पहिल्यांदा लाल दिसला.

आपल्या भागाला बधिर पाय नवीन नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी अन् वरोऱ्याला १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं, त्या पेशंटचंही हेच दुखणं, दुखतच नाही म्हणून पाय झिजतो. मऊ रबराची जी एमसीआर चप्पल आज शुगरवाल्यांना देतात ती आपल्या देशात आधी कुष्ठरोग्यांसाठीच वापरली गेली. पण लक्षात ठेवा, एमसीआर चप्पल मुख्यतः जखम होऊ नये म्हणून अन् भरल्यावर परत होऊ नये म्हणून आहे, चालू जखमेला ती एकटी पुरत नाही.

पाचवं: आता चेंबर

आधीचे चार प्रश्न सुटले, तीन-चार आठवडे नीट इलाज झाला अन् तरी जखम अडून बसली, तर ही गोष्ट बोलायची. तत्त्व सोपं आहे, गोटी सोड्याचं. बाटलीत दाबाने गॅस पाण्यात विरघळवतात, गोटी दाबली की फसफसून बाहेर येतो. आपण श्वासाने जो ऑक्सिजन घेतो तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनवर स्वार होऊन जातो, रक्ताच्या पाण्यात फारच थोडा विरघळतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, चेंबरमध्ये १०० टक्के, अन् दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट, मग रक्ताच्या पाण्यातच कितीतरी पट जास्त ऑक्सिजन विरघळतो अन् जिथे लाल पेशी नीट पोचत नाहीत अशा कोपऱ्यातही तो झिरपतो. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतो, नवीन कातडीचा धागा विणायला लागतो, अन् रोज रोज दिला की हळूहळू बारीक नवीन रक्तवाहिन्या फुटतात. ते काम आठवड्यांचं आहे म्हणून सिटिंग ३०-४० असतात, आठवड्यात ५ दिवस, दरवेळी दीड-दोन तास. दाब २.४ पट म्हणजे समुद्रात १४ मीटर खाली गेल्यासारखं, नागपुरातून समुद्र कुठे दिसत नाही पण बाबा रोज बुडी मारून यायचे.

आता खरं खरं. हे रामबाण नाही. स्वीडनमध्ये ९४ पेशंटवर झालेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला, एका वर्षात खऱ्या चेंबरवाल्यांच्या ५२ टक्के जखमा पूर्ण भरल्या, नुसता दाब पण साधी हवा मिळालेल्यांच्या २९ टक्के. मग २०१८ मध्ये नेदरलँड्सचा १२० पेशंटचा अभ्यास आला, त्यात ठोस फरक सिद्ध झाला नाही, अन् बऱ्याच जणांना ठरलेल्या सिटिंग पूर्णच करता आल्या नाहीत. म्हणून जगभरचे डॉक्टर 'विचार करायला हरकत नाही' एवढंच म्हणतात, तेही रक्तपुरवठा कमी असलेल्या अन् बाकी इलाजाने न भरणाऱ्या जखमेसाठी. कोणी १०० टक्के गॅरंटी दिली तर चप्पल घाला अन् निघा. चप्पल एमसीआरची.

सेंटर निवडताना हे विचारा: सिटिंगच्या वेळी डॉक्टर हजर असतो का, ऑपरेटर शिकलेला आहे का, दाब किती देता, आग लागली तर काय व्यवस्था आहे, ड्रेसिंग अन् सर्जन कोणाचे, जखम मोजता का. फुगवायच्या मऊ तंबूसारख्या चेंबरमध्ये दाब जेमतेम १.३ पट मिळतो, स्पा-बिपाला ठीक असेल, जखमेचा इलाज तो नाही. पाय पिशवीत घालून ऑक्सिजन सोडतात तेही वेगळं प्रकरण आहे. महात्मा फुले योजना, आयुष्मान कार्ड किंवा मेडिक्लेममध्ये बसतं का हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला अन् विमा कंपनीला पैसे भरायच्या आधी विचारा, लेखी घ्या.

फिटनेस

छातीचा एक्स-रे, कान तपासणी, ईसीजी. फुप्फुसाबाहेर हवा साचलेली असेल अन् तिचा इलाज झाला नसेल तर चेंबर पूर्ण बंद, जिवावर बेतू शकतं. दमा, सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार, फिट येणं, कानाचं जुनं ऑपरेशन, पेसमेकर, सर्दी-ताप, बंद जागेची भीती अन् कॅन्सरची औषधं, खासकरून ब्लिओमायसिन, हे स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट पाहू नका.

चेंबरच्या दिवशी

उपाशी जायचं नाही. चेंबरमध्ये शुगर खाली येते, इन्सुलिनवाल्यांची तर जास्त, म्हणून आधी अन् नंतर ग्लुकोमीटरवर बघतात अन् आधीची कमी असली तर खाऊ घालूनच आत घेतात. आम्ही पोहे खाऊन जायचो, तर्री वगळून, त्यावरही बाबांचं भाषण.

कपडे फक्त सुती, बहुतेक जागी सेंटरचेच देतात. १०० टक्के ऑक्सिजनमध्ये ठिणगी पुरते, यावर हसू नका, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला अशाच चेंबरच्या आगीत पाच वर्षांचं पोरगं गेलं. म्हणून केसाला तेल नाही, व्हिक्स नाही, अत्तर, पावडर, क्रीम, व्हॅसलीन नाही, नायलॉनची साडी नाही, मोबाईल, घड्याळ, कानाचं मशीन, लायटर, माचिस नाही. जखमेवर तेलकट मलम असेल तर आधी सांगा, पट्टी बदलून देतात. बाबा आयुष्यभर डोक्याला खोबरेल चोपडून फिरलेले, पहिल्या दिवशी त्यांना शिकेकाईने धुवून बसवलं तेव्हा ११ वाजले होते अन् आमचा नंबर दुसऱ्याला गेला.

आत गेल्यावर पहिली १०-१५ मिनिटं दाब वाढतो, तेव्हा कान दडपतात, घाट उतरताना होतं तसं पण जोरात. थुंकी गिळा, जांभई द्या, नाक दाबून तोंड बंद करून हलकेच फुंका, अन् हे दुखायच्या आधीपासून करा. दुखलं तर लगेच इंटरकॉमवर सांगा, ते दाब थांबवतात. मर्दुमकी दाखवून सहन केलं तर पडदा फाटतो, चेंबरमधली सगळ्यात नेहमीची इजा कानाचीच. दाब वाढताना जरा गरम वाटतं, उतरताना थंड. उतरताना श्वास अजिबात रोखायचा नाही, नेहमीसारखा चालू. मध्ये पाच-दहा मिनिटं साधी हवा देतात कारण जास्त ऑक्सिजनने क्वचित फिट येऊ शकते, ओठ फडफडले, मळमळलं, कानात शिट्टी वाजली तर सांगायचं. बाकी वेळ झोप. बाबा काचेच्या नळीत घोरायचे, बाहेर मॉनिटरशेजारी आम्हाला इंटरकॉमवर ऐकू यायचं.

वीसेक सिटिंगनंतर काहींना लांबचं धूसर दिसतं, चष्म्याचा नंबर बदलतो. नवीन चष्मा करू नका, सिटिंग संपल्यावर आठवड्या-महिन्यांत बहुतेकांचं परत येतं. मी नाही ऐकलं, १,८०० रुपयांचा चष्मा कपाटात पडला आहे.

येण्या-जाण्याचं आधी ठरवा. दीड-दोन महिने आठवड्यात ५ दिवस जायचं म्हणजे बाईकच्या मागे पाय लोंबकळत नेणं जमत नाही. मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे, व्हीलचेअर जाते, पण स्टेशन ते सेंटर ऑटो लागतोच. उन्हाळ्यात सकाळचा पहिला स्लॉट मागून घ्या.

मोजमाप

दर आठवड्याला, त्याच दिवशी, त्याच उजेडात, जखमेशेजारी पट्टी ठेवून फोटो. लांबी, रुंदी, खोली वहीत. चार आठवड्यांत जखम अर्ध्यावर आली तर चांगलं लक्षण. ३० दिवसांत काहीच हललं नाही तर पुढच्या पॅकेजला हो म्हणायच्या आधी पहिल्या चार पायऱ्या परत तपासा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. आमची १२ व्या सिटिंगपर्यंत अडलेली होती, कारण मी वर सांगितलं, रात्रीची आठ पावलं.

भरल्यावर

भरलेली जखम एका वर्षात परत उघडण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्के आहे. म्हणून रोज रात्री तळवा आरशात बघणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, तळव्याला तेल किंवा क्रीम पण बेचक्यात नाही, नखं सरळ कापणं, घट्टा घरी ब्लेडने न काढणं, अन् चप्पल-बूट घालायच्या आधी आत हात फिरवणं. बाबांच्या बुटात एकदा नातवाची गोटी निघाली. देवळात जाड मोजे घालून जातात, टेकडीला एका काकूंनी टोकलं तर आईनेच उत्तर दिलं. नवरात्रात पायी कोराडीला जायचं यावर्षीही त्यांच्या मनात होतं, गाडीने नेलं.

चप्पल बघा. एमसीआरचा रबर दिसायला नवा असतो पण अंगठ्याखाली दबून पातळ होतो, बोटाने दाबून दोन्ही जागा ताडून पाहायच्या, उसळत नसेल तर बदला. बाबांची ही तिसरी जोडी आहे, डाव्या पायाची त्याच जागी बसली, सोमवारी नवीन आणायला जायचं आहे.